झावळ्यांच्या छताखालचे बालपण

शीव-पनवेल महामार्ग सोडून कामोठ्याच्या दिशेने वळले, की संध्याकाळी सातनंतर पाट्यांचा उजेड वाढू लागतो. ‘फॅमिली रेस्टॉरंट’, ‘एसी फॅमिली रूम’, ‘परमिट रूम’ या शब्दांची निरनिराळी जुळणी केलेल्या पाट्या नवी मुंबईकरांच्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत, की त्यांच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. या पट्ट्यात आणि एकूणच मुंबईच्या परिसरात कुठे हॉटेलच्या दारात बांबूची कमान असते, कुठे प्लास्टिकचे माड, कुठे छताला शाकारलेल्या झावळ्या आणि भिंतीवर टांगलेले वल्हे. चार भिंतींच्या आत समुद्रकिनारा उभा करण्याची ही हौस आता नवी राहिलेली नाही. अशा जागेला ‘थीम रेस्टॉरंट’ म्हणतात.

गिऱ्हाईक तेथे दीड-दोन तास बसते, खाते-पिते, गाणे ऐकते आणि बिल देऊन निघून जाते. पण त्याच झावळ्यांखाली कोणाचे तरी बालपणही सरत असते. मालकाची मुले गल्ल्याशेजारी बसून गृहपाठ करीत मोठी होतात. आचाऱ्याची मुले गावाकडे वडिलांच्या मनीऑर्डरची वाट पाहत वाढतात. तेथे गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईची मुले रात्री शेजारणीकडे झोपतात. पुढे वीस-तीस वर्षांनी त्या जागेच्या आठवणी सांगण्याची वेळ येते, तेव्हा यांपैकी कोणाच्या आठवणी ऐकू येतात आणि कोणाच्या येत नाहीत, हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही. जगातल्या सर्वांत गाजलेल्या थीम रेस्टॉरंटांच्या इतिहासापासून सुरुवात केली, तर त्याचे उत्तर पनवेल परिसरापर्यंत येऊन पोहोचते.

बंदी उठली आणि बेट उभे राहिले

हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट हे तीन कोपरे धरून प्रशांत महासागरावर त्रिकोण आखला, की त्यात येणाऱ्या असंख्य बेटांना पॉलिनेशिया म्हणतात. सामोआ, टोंगा, ताहिती ही बेटे याच त्रिकोणातली. तेथील माओरी परंपरेत ‘टिकी’ हे पहिल्या मानवाचे नाव आहे. लाकडात वा दगडात कोरलेल्या मानवाकृतींनाही तेच नाव मिळाले. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकात ‘टिकी’ हा शब्द एका विशिष्ट प्रकारच्या हॉटेलासाठी रूढ झाला. मंद उजेड, बांबूच्या भिंती, कोरलेले खांब, कृत्रिम धबधबा, रम घातलेली गोड पेये आणि रंगमंचावर गवताच्या झग्यातील नृत्य असा त्याचा थाट असे.

या प्रकाराचा उगम दारूबंदी उठण्यात आहे. अमेरिकेत १९२० पासून लागू असलेली दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरात संपली. त्यानंतर लगेचच अर्नेस्ट गँट या भटक्या गृहस्थाने हॉलिवूडमध्ये छोटा बार उघडला आणि त्याला ‘डॉन द बीचकोंबर’ असे नाव दिले. स्वस्त रम, फळांचे रस, मसाले आणि दक्षिण सागरातून गोळा केलेल्या वस्तूंची सजावट एवढ्या भांडवलावर त्याने मंदीने गांजलेल्या गिऱ्हाइकाला दूरच्या बेटाचे स्वप्न विकले. व्हिक्टर बर्जरॉन यांनी ओकलंडमध्ये १९३४ साली सुरू केलेल्या साध्या उपाहारगृहाने काही वर्षांतच हीच वाट धरली आणि ‘ट्रेडर विक्स’ नावाने पुढे जगभर शाखा काढल्या.

दुसऱ्या महायुद्धाने या हौसेला बळ दिले. प्रशांत महासागरात लढून परतलेल्या सैनिकांकडे बेटांच्या आठवणी होत्या. त्यांतले रक्त आणि चिखल वगळून उरलेल्या माडांना आणि चांदण्याला बाजारात भाव होता. जेम्स मिचनर यांचा दक्षिण प्रशांतातील कथांचा संग्रह १९४७ साली आला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९४७ मध्येच थोर हेयरडाल या नॉर्वेजियन संशोधकाने ‘कोन-टिकी’ नावाच्या तराफ्यावरून पेरू ते पॉलिनेशिया हा प्रवास १०१ दिवसांत केला. १९५९ मध्ये हवाई हे अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. या सगळ्याच्या प्रभावाने १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेच्या गावोगावी अशी ‘बेटे’ उभी राहिली.

या बेटांवरचे जेवण मात्र पॉलिनेशियन नव्हते. ते बहुतांशी अमेरिकन जिभेला रुचेल असे कँटनी चिनी जेवण होते. ‘पू-पू’ हा हवाईयन शब्द तेवढा मेन्यूकार्डावर आला आणि त्या नावाखाली चिनी पद्धतीचे तळलेले पदार्थ एका ताटात मांडले जाऊ लागले. स्वयंपाकघरात चिनी आचारी, बारमागे फिलिपिनो कामगार, रंगमंचावर काही खरे बेटवासी आणि काही हौशी नर्तक, गल्ल्यावर मालक आणि टेबलाशी गोरे गिऱ्हाईक अशी या बेटाची खरी वस्ती होती.

तीन कुटुंबे, तीन वारसे

अशा जागा कंपन्यांनी चालवल्या तशा कुटुंबांनीही चालवल्या. आणि कुटुंबांनी चालवलेल्याच अधिक टिकल्या. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सॉगस या गावी महामार्गालगत १९५० साली एका चिनी कुटुंबाने ‘मँडरिन हाऊस’ नावाचे छोटे हॉटेल काढले. १९५८ मध्ये ते मुलगी मॅडलिन आणि जावई बिल वाँग यांच्याकडे आले आणि त्याचे नाव ‘कावलून’ झाले. पुढे त्याला टिकीचा साज चढला, मोठाली दालने जोडली गेली, रात्री संगीताचे आणि विनोदाचे कार्यक्रम होऊ लागले आणि एकाच वेळी हजारावर माणसे जेवू शकतील एवढा त्याचा पसारा झाला. चीनमधून आलेल्या कुटुंबाने हाँगकाँगमधल्या भागाचे नाव घेऊन, पॉलिनेशियाची सजावट करून अमेरिकन गिऱ्हाइकाला जेवू घातले. वाँग दांपत्याची मुले याच इमारतीत कामाला लागली आणि कारभारही त्यांच्याकडेच आला.

फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे बॉब आणि जॅक थॉर्नटन या भावांनी २८ डिसेंबर १९५६ रोजी ‘माय-काय’ उघडले. ताहितीहून नर्तकी म्हणून आलेल्या मिरेय यांनी पुढे बॉब यांच्याशी विवाह केला आणि अनेक दशके तेथील नृत्यांचे दिग्दर्शन केले. या हॉटेलाचा समावेश २०१४ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाला. २०२० मध्ये मुसळधार पावसात छताचा भाग कोसळून ते बंद पडले; दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये पुन्हा उघडले.

तिसरे उदाहरण लॉस एंजेलिसमधल्या ‘टिकी-टी’चे. गँट यांच्या पहिल्या बारमध्ये काम केलेल्या रे बुहेन या फिलिपिनो बारटेंडरने १९६१ मध्ये स्वतःची इवलीशी जागा घेतली. त्यांच्यामागे मुलाने आणि नातवाने ती चालवली. दुसऱ्याच्या काऊंटरमागे आयुष्य घालवणारे अनेक होते. त्यांतल्या एकाला स्वतःचा काऊंटर मिळाला, म्हणून त्याच्या कुटुंबाची कहाणी आज सांगितली जाते.

हॉटेल चालवणाऱ्या घरांतल्या बालपणाच्या आठवणी देशोदेशी एकसारख्या असतात. हॉटेल आणि घर यांच्यात भिंत नसते. सणाच्या दिवशी सगळ्यांचे आई-वडील घरी असतात, तेव्हा यांचे सर्वाधिक कामात असतात. गिऱ्हाईक रात्रीच्या मंद उजेडात जे बेट पाहते, ते या मुलांनी दुपारी ट्यूबलाइट लावून, खुर्च्या उलट्या टेबलांवर ठेवून, फरशी पुसताना पाहिलेले असते. माडाचे खोड फायबरचे आहे आणि धबधबा एका बटणाने बंद होतो, हे त्यांना अक्षरओळखीच्या आधीच ठाऊक असते. तरीही त्या जागेची त्यांना वाटणारी ओढ खोटी नसते. उलट, भ्रमाची यंत्रणा आतून पाहिलेल्या मुलाला त्यामागच्या कष्टाची किंमत अधिक कळते.

या आठवणींना आणखी एक धार असते. हॉटेलाचे आयुष्य अल्प असते. ओहायो राज्यातील कोलंबस शहरात १९६१ साली उघडलेले ‘कहिकी’ हे भव्य टिकी हॉटेल १९९७ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत गेले आणि तरीही २००० साली औषधांच्या दुकानासाठी पाडले गेले. अशी जागा गेली की मागे मेन्यूकार्डे, काड्यापेट्या, चषक आणि माणसांच्या आठवणी एवढेच उरते. म्हणूनच टिकी संस्कृतीचे संग्राहक अशा कुटुंबांतील मुलांना शोधून बोलते करू लागले.

नाइटक्लबात वाढलेली भावंडे

हा सगळा मालकांच्या मुलांचा इतिहास झाला. ज्यांची बेटे ही सजावट झाली, त्या पॉलिनेशियन कुटुंबांतल्या मुलांचे काय झाले? त्यातली एक कहाणी भारतातून जाते.

सामोआत १९०८ साली जन्मलेले आणि हवाईतील लाए या गावी वाढलेले टाऊ मो हे गिटारवादक १९२८ मध्ये पत्नी रोझ यांच्यासह एका फिरत्या हवाईयन कलापथकातून आशियाच्या दौऱ्यावर निघाले. तो दौरा अर्धशतकाहून अधिक काळ चालला. मुलगा लानी जपानमध्ये जन्मला, मुलगी डोरियन भारतात. १९४० च्या दशकात हे कुटुंब कोलकात्यात होते आणि तेथील ग्रँड हॉटेलमध्ये त्यांचे कार्यक्रम होत. दोन्ही मुले चालू-बोलू लागली तशी रंगमंचावर आली. हॉटेलांची दालने आणि नाइटक्लब हेच त्यांचे अंगण होते. ज्या बेटाचे ते दर रात्री प्रतिनिधित्व करीत, ते बेट त्यांना आई-वडिलांच्या गाण्यांतूनच माहीत होते.

या कुटुंबाच्या वास्तव्याचा भारतावर ठसा उमटला. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूची पट्टी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार कोलकात्यात रुजली आणि तेथून देशभर गेली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपली यांनी ती लोकप्रिय केली. रेडिओवर चित्रपटगीतांच्या वाद्यसुरावटी ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्यांच्या पिढीला तो लांबत जाणारा, किंचित रडवा स्वर ओळखीचा आहे. त्याचे मूळ प्रशांत महासागरातल्या बेटांवर आहे, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते.

वृद्धापकाळी टाऊ आणि रोझ हवाईला परतले. अमेरिकन गिटारवादक बॉब ब्रॉझमन यांनी त्यांना गाठले आणि १९२९ मध्ये या दांपत्याने ज्या पथकातून गाणी ध्वनिमुद्रित केली होती, तीच गाणी साठ वर्षांनी संपूर्ण कुटुंबाने पुन्हा गायिली. ‘आमच्या तरुणपणीच्या गाण्यांचे स्मरण’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला तो संग्रह १९८९ मध्ये निघाला. टाऊ मो २००४ मध्ये निवर्तले. दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी आयुष्यभर ‘बेटवासी’ म्हणून उभ्या राहिलेल्या कुटुंबाला आपली आठवण आपल्या नावाने नोंदवता आली. अशी संधी मिळालेली कलावंत कुटुंबे फार थोडी आहेत.

परमिट रूम हा शब्द कुठून आला?

अमेरिकेत दारूबंदी उठल्यावर टिकी हॉटेले जन्मली. मुंबई राज्यात नेमके उलटे घडले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने राज्यात संपूर्ण दारूबंदी आणली. चर्चगेट आणि कुलाब्याच्या हॉटेलांत बँड वाजत राहिले, पण टेबलावर उघडपणे मद्य ठेवता येईना. गोव्याहून आलेले वादक संध्याकाळी हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम करीत. ‘चिक चॉकलेट’ नावाने ओळखले जाणारे अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले ठळक नाव. सी. रामचंद्र यांचे संगीत आणि भगवानदादांचे दिग्दर्शन असलेल्या १९५१ च्या ‘अलबेला’त ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात.

साठच्या दशकात दारूबंदीचे नियम सैल झाले, पण कायदा रद्द झाला नाही. मद्य पिण्यासाठी परवाना हवा, हे तत्त्व कायम राहिले आणि आजही कागदावर कायम आहे. परवानाधारकाला मद्य देण्याची मुभा असलेली खोली म्हणजे ‘परमिट रूम’. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या भाषेत तिला एफएल-३ परवाना लागतो. अशी खोली वेगळी ठेवायची, तर बायका-मुलांसह जेवायला येणाऱ्यांसाठी दुसरी खोली हवी. म्हणून एकाच छताखाली ‘फॅमिली रूम’ आली. दिवसा थाळी आणि मुलांसाठी आइस्क्रीम, रात्री शेजारच्या दालनात ग्लास आणि गाणे, असा दुहेरी व्यवसाय महाराष्ट्रातल्या असंख्य हॉटेलचालकांनी केला. तुळुनाडूहून आलेली शेट्टी कुटुंबे त्यात अग्रभागी होती. पुढे स्थानिक भूमिपुत्रही उतरले.

या रचनेचा परिणाम घरातल्या मुलांवर झाला. हॉटेलच्या एका दाराने त्यांना मोकळेपणाने जाता येई, दुसऱ्या दाराकडे पाहायचे नाही असे बजावलेले असे. शाळेत ‘वडील काय करतात’ असे विचारले, तर ‘हॉटेल आहे’ एवढेच उत्तर द्यायचे, हेही शिकवलेले असे. अमेरिकेतल्या टिकी कुटुंबाला रात्रीचा कार्यक्रम अभिमानाने जाहिरातीत मिरवता आला. येथे तीच गोष्ट कुजबुजीत राहिली.

पनवेलहून निघालेली बंदी

या कुजबुजीचा स्फोट २००५ मध्ये झाला आणि त्याची वात पनवेलमध्ये होती. मुंबई-पुणे मार्गावरचा पनवेल-खालापूर पट्टा ऐंशीच्या दशकापासून नृत्य असलेल्या बारसाठी ओळखला जाऊ लागला होता. ऑर्केस्ट्राच्या सुरावर चित्रपटगीतांवर नाचणाऱ्या मुली आणि त्यांच्यावर नोटा उधळणारे गिऱ्हाईक हे ‘डान्स बार’चे चित्र राज्यभर पसरले. तरुण पिढी आणि संसार उद्ध्वस्त होत असल्याची तक्रार वाढली. पनवेलचे तत्कालीन आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत लक्षवेधी सूचनेद्वारे हा प्रश्न मांडला आणि ३० मार्च २००५ रोजी तेव्हाचे उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी मुंबईबाहेरचे डान्स बार बंद करण्याची घोषणा केली. लवकरच मुंबईही तिच्या कक्षेत आली. मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन ऑगस्ट २००५ मध्ये बंदी अमलात आली.

मात्र या कायद्याने तारांकित हॉटेले, क्लब आणि जिमखाने यांना सवलत दिली होती. उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी हा भेदभाव समानतेच्या व व्यवसायस्वातंत्र्याच्या हक्कांविरुद्ध ठरवून बंदी रद्द केली. स्थगितीमुळे ती व्यवहारात चालूच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल उचलून धरला. राज्याने २०१४ मध्ये सवलतीविना नवी दुरुस्ती केली. २०१५ मध्ये तिला स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा आला आणि १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या अनेक जाचक अटी काढून टाकल्या. नोटा उधळण्यावरची बंदी आणि वेळेची मर्यादा मात्र कायम राहिली.

या न्यायालयीन प्रवासात आकड्यांवरून बराच वाद झाला. सुमारे ७५ हजार स्त्रिया या व्यवसायात असल्याचे बारबालांच्या बाजूने सांगितले गेले. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने आणि स्त्रीवादी संघटनेने केलेल्या पाहणीतून, यातल्या अनेक जणी आपल्या घरातल्या मुख्य कमावत्या व्यक्ती असल्याचे आणि काही जणी पिढीजात नाच-गाण्यावर जगणाऱ्या समाजांतून आल्याचे पुढे आले. बंदीनंतर अनेकींना वेश्याव्यवसायाकडे वळावे लागल्याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली.

या सगळ्या चर्चेत मुले कुठे होती? मधुर भांडारकर यांच्या २००१ च्या ‘चांदनी बार’ या चित्रपटाने तो प्रश्न विचारला होता. आपल्या मुलांवर बारची सावली पडू नये म्हणून झगडणाऱ्या आईची ती कथा होती. तब्बू यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाबाहेरची मुले मात्र बोलली नाहीत. बंदी आली तेव्हा शाळेत असलेली ती मुले आज तिशीच्या आसपास असतील. ज्या जागेच्या उत्पन्नातून त्यांची फी भरली गेली, तिचे नावही घेणे त्यांना परवडणारे नाही. नोकरी, लग्न, सोसायटीतले शेजारी असे सगळेच त्यावर टांगलेले असते. बारमालकांच्या मुलांपैकीही अनेकांनी ‘हॉटेल व्यवसाय’ या शब्दापुढे न बोलणे पसंत केले. एका नामशेष होत गेलेल्या जगाचा इतिहास म्हणून आज हाती आहेत ती प्रामुख्याने निकालपत्रे, पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्या आणि विधिमंडळातली भाषणे.

कनातीमागची लेकरे

नाच-गाण्यावर जगणाऱ्या घरातल्या आठवणी महाराष्ट्राने कधी ऐकल्याच नाहीत असे नाही. तमाशाच्या फडाचे उदाहरण समोर आहे. विठाबाई नारायणगावकर फडात वाढल्या, फडातच उभ्या राहिल्या. पूर्ण दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर होत्या, कनातीमागे जाऊन प्रसूत झाल्या आणि पुन्हा नाचायला आल्या, ही हकिकत महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला आणि त्यांचा मुलगाही त्याच बोर्डावर आला. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला, तरी अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या निवर्तल्या. नंतर राज्य शासनाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने सुरू केला.

तमाशालाही एके काळी अश्लील म्हणून हिणवले गेले होते. तरीही त्या फडांतल्या मुलांना आपल्या आईचे नाव सभेत उच्चारता येते, कारण तमाशाला ‘लोककला’ हे प्रतिष्ठेचे नाव मिळाले. बारमधल्या नाचाला ते मिळाले नाही. दोन्हीकडे पोटासाठी रात्र जागवणारी आई आणि पडद्याआड झोपी गेलेले मूल सारखेच आहे. एकाच्या आठवणीवर पुस्तके निघतात, दुसऱ्याची आठवण घराबाहेर पडत नाही. हा फरक त्या मुलांनी काय अनुभवले यातून आलेला नसून समाजाने त्या जागेला कोणते नाव दिले यातून आलेला आहे.

कामोठ्याची स्वतःची थीम

कामोठे हे आज सिडकोच्या आखीव सेक्टरांचे, हार्बर मार्गावरच्या मानसरोवर आणि खांदेश्वर स्थानकांचे, २०१६ पासून पनवेल महापालिकेत असलेले दाट वस्तीचे उपनगर आहे. त्याआधी ते खाडीकाठचे गाव होते. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाचे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, परिसरातली शेते संपादित झाली. मोबदल्यासाठीच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलीस गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या भूखंडांवर इमारती उभ्या राहिल्या आणि तळमजल्यावरच्या गाळ्यांत हॉटेले आली.

आता याच परिसरात ‘आगरी-कोळी पद्धतीचे जेवण’ ही लोकप्रिय थीम आहे. भिंतीवर जाळे, दारात होडी, ताटात तांदळाची भाकरी, जवळा, चिंबोरीचे कालवण. खाडी बुजत गेली, तसे जाळे भिंतीवर चढले. पॉलिनेशियन बेटांच्या सजावटीशी याचे साम्य उघड आहे. मोठा फरक असा, की येथे अनेक ठिकाणी ज्यांची ही संस्कृती, त्याच घरातल्या बायका चुलीशी आहेत आणि त्यांचीच माणसे गल्ल्यावर. ज्या मुलांच्या आजीने हे कालवण चिखलात हात घालून पकडलेल्या चिंबोऱ्यांचे केले होते, त्यांनाच ते आता मेन्यूकार्डावर वाचता येते. कावलूनच्या वाँग कुटुंबाला दुसऱ्याच्या बेटाचा आधार घ्यावा लागला. कामोठे-पनवेलच्या या घरांना स्वतःची खाडी सांगता येईल.

ती सांगितली जाईलच असे मात्र नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या सावलीत असलेल्या कामोठ्यात जागांचे भाव आणि भाडी वाढली, की कुटुंबाने चालवलेले छोटे हॉटेल टिकणे अवघड होते. पाटी उतरते, रंग बदलतो आणि वर्षभरात तेथे काय होते हे शेजाऱ्यालाही आठवत नाही. जुन्या दराचे मेन्यूकार्ड, उद्घाटनाचे छायाचित्र, उधारीची वही, ऑर्केस्ट्राची जाहिरात असे कागद रद्दीत जातात. स्थानिक ग्रंथालये, महाविद्यालयांचे इतिहास विभाग आणि पालिका यांनी ठरवले, तर ते जपणे फार खर्चाचे काम नाही.

जपायचे ठरले, तर मालकाच्या मुलांबरोबर इतरांनाही विचारावे लागेल. रात्री दोन वाजता भांडी घासून फलाटावर झोपलेल्या वेटरचा मुलगा, कीबोर्ड वाजवणाऱ्याची मुलगी आणि नाचणाऱ्या बाईची, नाव न सांगण्याच्या अटीवरच बोलू शकणारी मुले. त्यांना काय आठवते हे विचारण्यासाठी आधी त्यांना निर्भयपणे बोलता आले पाहिजे. पाटीवर ‘फॅमिली’ हा शब्द लिहिताना त्या इमारतीतल्या किती कुटुंबांचा विचार झाला होता, हे त्यानंतरच कळेल.